पाच पौंड अकरा शिलिंग

ग्लासगो विद्यापीठाच्या हिशेबात जून १७६६ मध्ये एक ओळ लिहिली गेली. वाफेचं इंजिन दुरुस्त केल्याबद्दल आणि त्यात फेरफार केल्याबद्दल जेम्स वॅटला पाच पौंड अकरा शिलिंग. ओळ तिथंच संपते. कोणता भाग बदलला, पितळ किती लागलं, कारागिराचे किती दिवस मोडले, यातलं काहीही तिच्यात नाही. आज मोटारीचं इंजिन उतरवून गॅरेजवाल्यानं असं एका ओळीचं बिल पुढं केलं, तर गिऱ्हाईक बोअरिंगचे किती, रिंगा-पिस्टनचे किती, गॅस्केटचे किती आणि तुझी मजुरी किती, हे एकेक वदवून घेतल्याशिवाय खिशात हात घालणार नाही. विद्यापीठानं पैसे दिले आणि विषय मिटवला.

इंजिन दुरुस्तीचं इतकं गाजलेलं काम दुसरं झालं नसेल. या कामावर पुस्तकं निघाली, चित्रं रंगवली गेली. बिलाकडे मात्र कोणी फारसं वळून पाहिलं नाही आणि मला रस आहे तो बिलातच. या दुरुस्तीला खरोखर काय खर्च आला, तो कोणी सोसला आणि त्यातलं पाच पौंड अकरा शिलिंगांत काय मावलं, हे उरलेल्या कागदांवरून बऱ्यापैकी लावता येतं. विद्यापीठाची इतिवृत्तं आहेत, वॅटची पत्रं आहेत, त्यानं म्हातारपणी लिहिलेल्या टिपा आहेत, त्याच्या दोन मित्रांची निवेदनं आहेत. शिवाय खुद्द ते इंजिन ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात शाबूत आहे.

इंजिन म्हणायचं, पण तो होता इंजिनाचा नमुना. भौतिकशास्त्राच्या वर्गात मुलांना चालवून दाखवायला ठेवलेला. सिलिंडरचा व्यास दोन इंच, पिस्टनची धाव सहा इंच, बॉयलर साधारण नऊ इंचांचा; ही मापं वॅटनंच लिहून ठेवली आहेत. गुणाकार केला तर सिलिंडरचं आकारमान ३०० मिलिलिटरच्या जरासं वर भरतं. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांपैकी एकेकाचं २६५ च्या आसपास होतं, म्हणजे आकारानं ही वस्तू आपल्या गॅरेजमधल्या टेबलावर सहज बसली असती.

नमुना होता टॉमस न्यूकोमेनच्या इंजिनाचा. न्यूकोमेननं १७१२ मध्ये डडली कॅसलजवळ खाणीतलं पाणी उपसायला पहिलं इंजिन उभं केलं आणि पुढची साठ वर्षं इंग्लंडातल्या खाणींवर त्याचाच अंमल होता. त्याची रीत अशी: पिस्टनखाली सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आत गार पाण्याचा फवारा सोडायचा. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी होते आणि वरून हवेचा दाब पिस्टनला खाली ढकलतो. पिस्टन एका आडव्या तुळईच्या टोकाला टांगलेला, दुसऱ्या टोकाला पंपाचा दांडा. पिस्टन खाली गेला की दांडा वर येतो. काम करते ती हवा, वाफ येते ती फक्त जागा रिकामी करण्यापुरती. आणि प्रत्येक ठोक्याला तेच सिलिंडर आधी तापतं, मग गार होतं, मग पुन्हा तापतं. कोळसा खाणीच्या तोंडाशी फुकटात पडलेला असेल तोवर हे कोणाला खुपत नव्हतं.

या नमुन्याच्या दुरुस्तीचा पहिला खर्च वॅटच्या आधीचा आहे. २५ जून १७६० रोजी विद्यापीठानं प्राध्यापक जॉन अँडरसन यांना मंजुरी दिली: लंडनचे उपकरणकार सिसन यांच्याकडून वाफेचं इंजिन परत मिळवायला दोन पौंडांपर्यंत खर्च करावा. म्हणजे इंजिन आधीच लंडनला पाठवलं गेलं होतं. सिसन हे नाव किरकोळ नव्हे. वेधशाळांना कोनमापकं पुरवणारं घराणं ते. काम नामांकित दुकानाकडे गेलं होतं आणि तिथून ते सोडवून आणावं लागलं. इतिवृत्तात तक्रारीचा शब्द नाही. पण इंजिन परत आल्यानंतरही ते दुरुस्तीला काढावंच लागलं, यावरून सिसनच्या दुकानात त्याचं फारसं भलं झालं नसावं असा माझा तर्क आहे. दुसऱ्यानं खोलून ठेवलेलं काम हातात घ्यायला आजही मिस्त्री नाखूश असतात. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नसतं.

आता मिस्त्रीकडे येऊ. जेम्स वॅट, जन्म १९ जानेवारी १७३६, गाव ग्रीनॉक. इंजिनाचा कारागीर तो नव्हताच. त्याचा धंदा गणिती उपकरणांचा: होकायंत्रं, मोजपट्ट्या, कोनमापकं. ते शिकायला तो १७५५ मध्ये लंडनला गेला. तिथल्या रिवाजाप्रमाणे सात वर्षं उमेदवारी करावी लागे. वॅटकडे तेवढा वेळ नव्हता, तेव्हा जॉन मॉर्गन नावाच्या कारागिरानं वीस गिनी घेऊन वर्षभरात त्याला शिकवायचं कबूल केलं. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, तेव्हा ही फी झाली एकवीस पौंड. लंडनमध्ये तो आठवड्याला आठ शिलिंगांत भागवत होता आणि याहून खाली गेलं तर पोटाला चिमटा बसतो, अशा अर्थाचं त्यानं वडिलांना कळवलं होतं.

हे आठ शिलिंग मला उपयोगी पडतात. अडीचशे वर्षांपूर्वीच्या पौंडाचे आजचे रुपये करून सांगायची एक पद्धत आहे. तिच्यावर माझा विश्वास नाही, कारण भाकरी, कोळसा आणि कारागिराचा दिवस यांच्या किमती एकमेकींच्या हिशेबात कधीच सारख्या वाढत नाहीत. त्यापेक्षा त्याच माणसाच्या कागदांतलं माप लावलेलं बरं. पाच पौंड अकरा शिलिंग म्हणजे एकशे अकरा शिलिंग. आठनं भागलं तर जेमतेम चौदा आठवडे. एका काटकसरी तरुणाचा लंडनमधला सव्वातीन महिन्यांचा खर्च या बिलात निघाला असता.

दुसरं माप त्याहून नेमकं आहे. तब्येत बिघडल्यानं वॅट १७५६ मध्ये परतला. त्याच शरद ऋतूत जमैकातल्या अलेक्झांडर मॅकफार्लेन नावाच्या व्यापाऱ्याच्या वेधशाळेतली उपकरणं मृत्युपत्रानं ग्लासगो विद्यापीठाकडे आली. समुद्राच्या खाऱ्या हवेनं ती गंजली होती. ती साफ करून नीट लावून द्यायचं काम वॅटला मिळालं आणि डिसेंबरात त्याला पाच पौंड मिळाले. म्हणजे पेटीभर खगोल-उपकरणं घासूनपुसून द्यायचे पाच पौंड आणि दहा वर्षांनी एक वाफेचं इंजिन चालू करून द्यायचे पाच पौंड अकरा शिलिंग. विद्यापीठाच्या नजरेत ही दोन्ही कामं साधारण एकाच वजनाची होती. दर वाजवी होता, असंच मी म्हणेन. वॅटला कोणी लुटलं नाही आणि वॅटनंही कोणाला लुटलं नाही.

साफसफाईच्या या कामानंतर १७५७ मध्ये त्याला विद्यापीठाच्या आवारात दुकानासाठी जागा मिळाली आणि विद्यापीठाचा गणिती उपकरणकार असं म्हणवून घ्यायची परवानगीही. पुढे जॉन क्रेग याच्या भांडवलावर भागीदारीत त्यानं गावात दुकान थाटलं. आधी सॉल्टमार्केटमध्ये, मग ट्रॉनगेटला. डिसेंबर १७६३ च्या ग्लासगो जर्नलमध्ये दुकान हलवल्याची त्याची जाहिरात आहे. गणिती उपकरणं, वाद्यं, खेळणी आणि इतर माल मिळेल, असं तिच्यात म्हटलं आहे. नेमक्या त्याच हिवाळ्यात न्यूकोमेनचा नमुना त्याच्या हातात आला. वाफेचं युग ज्याच्या नावानं ओळखलं जातं तो माणूस त्या महिन्यांत बासऱ्या आणि खेळणीही विकत होता. दुकान चालवायचं तर चालतं ते विकावं लागतं.

वाफेशी त्याची तोंडओळख होती. १७५९ मध्ये जॉन रॉबिसन नावाच्या विद्यार्थी मित्रानं त्याच्यापुढे कल्पना मांडली होती की वाफेच्या जोरावर गाडीची चाकं फिरवता येतील. मोटारगाडीच्या कुळातला हा फार जुना पूर्वज म्हणायला हरकत नाही, पण रॉबिसन लवकरच नौदलाबरोबर कॅनडाला गेला आणि बेत तिथंच राहिला. १७६१-६२ च्या सुमारास वॅटनं एका दाबभांड्याला पिचकारी जोडून काही प्रयोग केले. वाफ पंधरा पौंडांचं वजन उचलते हे पाहिलं, भांडं फुटायची भीती लक्षात घेतली आणि सोडून दिलं.

दुरुस्तीची हकिकत आपल्याला मुख्यतः वॅटच्याच शब्दांत मिळते, पण ती पन्नास वर्षांनंतरची आहे. रॉबिसननं ज्ञानकोशासाठी वाफेच्या इंजिनावर लेख लिहिला होता. रॉबिसनच्या मृत्यूनंतर तो पुन्हा छापायचा ठरला तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वॅटनं १८१४ मध्ये त्यावर टिपा लिहून दिल्या. हे लेखन प्रसिद्ध झालं १८२२ मध्ये, वॅट गेल्यावर तीन वर्षांनी. इतक्या उशिराच्या आठवणीवर किती भिस्त ठेवायची हा प्रश्न रास्त आहे. माझं मत असं की मोठेपणाच्या गोष्टी माणूस वर्षांगणिक फुगवतो, मापं आणि अडचणी सहसा फुगवत नाही. आणि वॅटच्या या टिपा मापांनी आणि अडचणींनी भरलेल्या आहेत.

त्यात तो सांगतो की सुरुवातीला आपण हे काम निव्वळ कारागिराच्या बुद्धीनं घेतलं. जे मोडलंय ते सांधायचं, एवढंच. तसं त्यानं केलं आणि इंजिन पेटवलं. आणि मग घोटाळा झाला. बॉयलर दिसायला पुरेसा मोठा असूनही वाफ पुरेना. जाळ फुंकून फुंकून वाढवला की पिस्टन दोनचार ठोके घ्यायचा आणि थांबायचा. फवाऱ्याला पाणीही बेसुमार लागत होतं आणि तेही पंपावर फारसा भार नसताना.

गॅरेजमध्ये उभं राहिलेल्या कोणालाही हा क्षण ओळखता येईल. सगळं नवं, सगळं घट्ट बसवलेलं, कुठं गळती नाही, आणि इंजिन दम धरत नाही. गिऱ्हाईक उद्या येणार आहे. वॅटनं यावर जे केलं ते मला या सगळ्या कथेतलं सगळ्यात खरं वाटतं: त्यानं पंपातला पाण्याचा स्तंभ आखूड केला. भार हलका झाला, त्यामुळे फवारा कमी लागला, वाफ पुरू लागली आणि इंजिन नेमानं चालायला लागलं. वर्गात मुलांना दाखवायला एवढं पुष्कळ होतं. दुरुस्तीही झाली, फेरफारही झाला. माझ्या मते पाच पौंड अकरा शिलिंगांचं काम इथं पुरं झालं. बिल करायला हरकत नव्हती.

वॅट मात्र थांबला नाही आणि यापुढचा खर्च कोणाच्या नावावर पडला हे पाहण्यासारखं आहे.

कारण त्याच्या लवकरच लक्षात आलं. लहान सिलिंडरला आतल्या वाफेच्या मानानं पृष्ठभाग फार जास्त असतो. हिशेब सोपा आहे: दोन इंचांचं सिलिंडर आणि पन्नास इंचांचं सिलिंडर घेतलं, तर तेवढ्याच वाफेमागे लहानाच्या भिंती पंचवीस पट भरतात. त्यातून नमुन्याचं सिलिंडर पितळी, म्हणजे उष्णता झपाट्यानं खाणारं. खाणीवरची मोठी सिलिंडरं ओतीव लोखंडाची असत. गार पाण्याचा फवारा येऊन गेला की थंड झालेल्या भिंती पुढच्या ठोक्याची वाफ आधी स्वतःच गिळत होत्या. नमुन्यात बिघाड नव्हता. मोठ्या इंजिनात जो दोष कोळशाच्या ढिगाखाली झाकून जात होता तो लहान इंजिनात उघडा पडला होता.

मग त्यानं नवं सिलिंडर केलं, लाकडाचं. जवसाच्या तेलात मुरवून भट्टीत वाळवलेलं, व्यास सहा इंच, धाव बारा इंच. लाकूड उष्णता कमी खातं म्हणून. वाफ वाचली, पण लाकूड टिकाऊ नव्हतं आणि मूळ दुखणं तसंच होतं. मग मोजमापं सुरू झाली. पाण्याची वाफ झाली की ती किती जागा व्यापते? साधारण अठराशे पट, हे उत्तर निघालं. एका ठोक्याला सिलिंडरच्या आकारमानाच्या किती पट वाफ जाते? कित्येक पट. म्हणजे बहुतेक वाफ, आणि पर्यायानं बहुतेक कोळसा, फक्त सिलिंडर पुन्हा पुन्हा तापवण्यात जात होता.

याच मोजमापांत एक किटली आहे. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही वॅट आणि किटली वेगळे करता येत नाहीत: पोरगा चुलीवर किटलीचं उडणारं झाकण पाहतो आणि त्याला इंजिन सुचतं. या गोष्टीचा कागदी आधार १७९८ मध्ये त्याच्या आतेमामे भावंडांपैकी एका बाईंनी लिहवून ठेवलेल्या आठवणीत आहे. चहाच्या टेबलाशी तासभर किटलीशी खेळत बसलेल्या जेम्सला मामी रागावते, एवढीच ती आठवण आहे. तोवर वॅट जगप्रसिद्ध झाला होता. पण वॅटच्या स्वतःच्या टिपांत जी किटली आहे ती निराळी. अठ्ठावीस वर्षांचा माणूस किटलीच्या तोटीत काटकोनात वाकवलेली काचेची नळी बसवतो, नळीचं दुसरं टोक विहिरीच्या गार पाण्यात बुडवतो आणि वाफ सोडत राहतो. पाणी उकळीला येतं तेव्हा त्याचं वजन सुमारे एक षष्ठांशानं वाढलेलं असतं. म्हणजे वाफेतलं थोडंसं पाणी आपल्या सहापट वजनाच्या गार पाण्याला उकळीपर्यंत नेतं. वॅटला हे पटेना. तो रसायनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांच्याकडे गेला. ते विद्यापीठात काही काळापासून नेमकं हेच शिकवत होते. वाफेत दडून राहणाऱ्या या उष्णतेला आपण सुप्त उष्णता म्हणतो. पुढे लोक म्हणू लागले की ब्लॅकच्या सिद्धान्तातून वॅटला शोध लागला. वॅटनं म्हातारपणी हे नाकारलं. ब्लॅकनं आपल्याला दिसलेल्या गोष्टीचं कारण सांगितलं, असं त्याचं म्हणणं होतं. ब्लॅकबद्दल त्याच्या मनात अपार आदर होता, तरी या बाबतीत त्यानं तडजोड केली नाही.

उपाय सुचला १७६५ च्या वसंतात. सिलिंडर नेहमी गरम राहू द्यायचं आणि वाफ गार करायला दुसरं भांडं ठेवायचं, सिलिंडरला नळीनं जोडलेलं. वेगळा कंडेन्सर. ग्लासगोच्या हिरवळीवर रविवारी फिरताना हे सुचलं, ही हकिकत वॅटनं म्हातारपणी एका तरुण गृहस्थाला सांगितली आणि ती छापली गेली वॅट गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. ती खरी असेलही. त्यापेक्षा पहिल्या प्रयोगाचं सामान पाहा: पावणेदोन इंच व्यासाची आणि दहा इंच लांबीची एक पितळी पिचकारी, तिला वरखाली पत्र्याची झाकणं, आणि कंडेन्सर म्हणून पत्र्याच्या दोन बारीक नळ्या. तिनं अठरा पौंडांचं वजन उचललं. सामानाची किंमत काही शिलिंगांपलीकडे नसेल, असा माझा अदमास.

म्हणजे कालक्रम असा लागतो. १७६३-६४ च्या हिवाळ्यात दुरुस्ती, १७६५ मध्ये कंडेन्सर, १७६६ च्या जूनमध्ये पैसे. नमुन्यावर नंतर लावलेल्या पाटीवर १७६५ मध्ये दुरुस्ती करताना हा शोध लागला असं लिहिलं आहे. वॅटच्या टिपांशी ताडून पाहिलं तर पाटी दोन गोष्टी एकत्र गुंडाळते. मी टिपांच्या बाजूचा आहे. विद्यापीठानं बिल चुकतं केलं तोवर दुरुस्तीला दोन वर्षं उलटली होती आणि ती दुरुस्ती ज्या जातीच्या इंजिनाची होती ती जातच कालबाह्य करणारी कल्पना कारागिराच्या दुकानात तयार होती.

त्या दोन वर्षांत त्याचं काय झालं? जुलै १७६४ मध्ये लग्न झालं, घर विद्यापीठाबाहेर गेलं. १७६५ मध्ये भागीदार क्रेग वारला आणि दुकानामागचं भांडवल गेलं. नव्या इंजिनाच्या प्रयोगांना पैसे लागत होते. ब्लॅकनं उसने दिले, पण प्राध्यापकाच्या पगारात किती दिवस भागणार? ब्लॅकनंच मग त्याची गाठ जॉन रोबक यांच्याशी घालून दिली. रोबक कॅरन लोखंड कारखान्याच्या संस्थापकांपैकी एक, कोळशाच्या खाणींचे मालक, आणि त्यांच्या खाणीत पाणी भरत होतं. त्यांनी वॅटचं एक हजार पौंडांचं कर्ज अंगावर घेतलं, पेटंटचा खर्च सोसायचं कबूल केलं आणि बदल्यात शोधाचा दोन तृतीयांश हिस्सा घेतला. ५ जानेवारी १७६९ रोजी पेटंट मिळालं, क्रमांक ९१३.

हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. दुरुस्तीचे पाच पौंड अकरा शिलिंग, आणि दुरुस्ती नीट झालेली असूनही इंजिन का दमतं याचा छडा लावून त्यावर उपाय उभा करण्यात साठलेलं कर्ज एक हजार पौंड. पहिल्याच्या एकशे ऐंशी पट. पहिली रक्कम गिऱ्हाइकानं दिली. दुसरी मागायला गिऱ्हाईकच नव्हतं, कारण हे काम कोणी सांगितलंच नव्हतं. यात विद्यापीठाचा दोष काढावा असं मला वाटत नाही. मागवलेल्या कामाचे पैसे त्यांनी दिले होते. शिवाय जागा, ब्लॅकसारखा शेजारी, रॉबिसनसारखा मित्र आणि मुळात ते नमुनेदार इंजिन, हे सगळं विद्यापीठाचंच होतं. त्याचं भाडं वॅटकडून कोणी घेतलं नाही.

हजार पौंड घालूनही इंजिन चालेना, हा पुढचा भाग. न्यूकोमेनच्या इंजिनात सिलिंडर ओबडधोबड असलं तरी चालत असे, कारण पिस्टनच्या डोक्यावर पाण्याचा थर ठेवून फटी बुजवत. वॅटला सिलिंडर गरम ठेवायचं होतं, तेव्हा पाण्याचा थर बाद. आता पिस्टन आणि भिंत यांच्यात फट नको, आणि असं सिलिंडर कोरणारं यंत्र स्कॉटलंडात नव्हतं. रोबकच्या किनील इथल्या जागेत त्यानं वर्षानुवर्षं खटपट केली, मध्येच पोटासाठी कालव्यांची मोजणी करत हिंडला. १७७३ मध्ये रोबक बुडाले. त्यांच्या धनकोंनी मालमत्तेची मोजदाद केली तेव्हा या इंजिनातल्या हिश्शाला कोणी दमडीची किंमत दिली नाही. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनना रोबककडून बाराशे पौंड येणं होतं. त्यांनी त्या बदल्यात तो हिस्सा घेतला. मग जॉन विल्किन्सननं तोफा कोरण्याच्या पद्धतीवरून सिलिंडर कोरायचं यंत्र केलं. पन्नास इंची सिलिंडरात जुन्या शिलिंगाच्या जाडीएवढीही चूक नाही, असं बोल्टननं १७७६ मध्ये कौतुकानं कळवलं. आज बोअर झिजला म्हणून ब्लॉक लेथवाल्याकडे जातो आणि बिलात त्याची वेगळी ओळ येते, त्या ओळीचा वंश इथून सुरू होतो.

बोल्टनच्या हाताखाली बिलाची पद्धतच पालटली. १७७५ मध्ये संसदेनं पेटंट १८०० पर्यंत वाढवून दिलं आणि बोल्टन-वॅट यांनी इंजिन विकणं जवळजवळ बाजूलाच ठेवलं. गिऱ्हाइकानं बहुतेक भाग स्वतः विकत घ्यायचे, ते बसवायला आराखडे आणि माणूस कंपनी देणार. कंपनीची खरी कमाई वेगळीच: तेवढंच काम जुन्या न्यूकोमेन इंजिनानं केलं असतं तर किती कोळसा लागला असता, नव्यानं किती लागला, आणि जी बचत झाली तिची एक तृतीयांश किंमत दर वर्षी. ठोके मोजायला तुळईवर कुलूपबंद मोजणी-पेटी बसवली जाई, तिची किल्ली खाणमालकाकडे नसे. ज्या वाया जाणाऱ्या वाफेचा छडा लावायचे ग्लासगोत कोणी पैसे दिले नव्हते, त्याच वाफेवर आता आकारणी होऊ लागली.

हे कॉर्नवॉलच्या खाणमालकांना रुचलं नाही. तिथं कोळसा वेल्सहून जहाजानं आणावा लागे, म्हणून बचत मोठी आणि म्हणून कंपनीचा वाटाही मोठा. इंजिन तर आपल्या पैशानं उभं केलंय, मग दर वर्षी हे कशाचे पैसे, असा त्यांचा सवाल होता. तो अगदी टाकाऊ नव्हता. पैसे थकू लागले, काहींनी पेटंट डावलून इंजिनं बांधली, आणि प्रकरण कोर्टात गेलं. हॉर्नब्लोअर आणि मेबर्ली यांच्याविरुद्धच्या खटल्याचा निकाल १७९९ मध्ये बोल्टन आणि वॅट यांच्या बाजूनं लागला.

इतिहास लिहिणाऱ्याला या खटल्यानं मोठी देणगी दिली. शोध खरा वॅटचाच आणि तो कसा लागला, हे शाबीत करायला १७९६ च्या सुमारास ब्लॅकनं आणि रॉबिसननं आपापल्या आठवणी लिहून काढल्या. रॉबिसन साक्ष द्यायला स्वतः लंडनला गेला. दोघंही वॅटचे जिवलग, दोघंही सचोटीचे, पण कागद तयार झाले ते पक्ष मांडण्यासाठी, आणि त्यांत तरुण वॅट जरा जास्तच सरळ रेषेत शोधाकडे चालत जातो. लाकडी सिलिंडर वाया गेल्याचं, पंपातलं पाणी कमी करून वेळ मारून नेल्याचं, कारागिराच्या बुद्धीनं काम घेतल्याचं वॅटनं सांगितलं ते नंतर, १८१४ मध्ये. तेव्हा पेटंट संपून चौदा वर्षं झाली होती, ब्लॅक आणि रॉबिसन दोघंही हयात नव्हते आणि वॅटला कोणाकडून एक शिलिंगही वसूल करायचा नव्हता. ग्लासगोतल्या दुकानात काय घडलं हे ठरवताना मी त्या दोघांच्या निवेदनांपेक्षा या टिपांना वरचं स्थान देतो, ते यासाठी.